निदेशक व्हायचं तर

पाचोऱ्यात कुणाला ड्रायव्हिंग स्कूल काढायचं असेल तर आरटीओचा परवाना लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शेजारच्या सीटवर बसून 'क्लच दाब, क्लच दाब' म्हणून ओरडणाऱ्या माणसालाही कायद्याने अटी घातल्या आहेत, हे फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला चोविसावा नियम म्हणतो, शिकवणारा किमान दहावी पास हवा. त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा. शिवाय सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेतून मोटार मेकॅनिकचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली त्याहून वरची पात्रता हवी. वाहतुकीची चिन्हं आणि नियम पक्के ठाऊक हवेत. आणि गाडीच्या निरनिराळ्या भागांचं काम दाखवून समजावून सांगण्याची क्षमता हवी.

आधीच्या अटी कागदावर तपासता येतात. ही शेवटची कोणत्याच कागदावर दिसत नाही, तरी नियम करणाऱ्यांनी ती लिहिली, याचं मला कौतुक वाटतं. गाडी चालवता येणं वेगळं आणि दुसऱ्याला चालवायला शिकवणं वेगळं, हे त्यांनी एका वाक्यात कबूल करून टाकलं. प्रत्यक्षात ही क्षमता कोण, कधी, कशी तपासतं, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

पण शिकवणारा कसा असावा, हा प्रश्न आता वेल्डिंगला लावून बघा. किंवा फिटिंगला, वायरिंगला, शिवणकामाला. गल्लीतल्या घरात चालणाऱ्या शिवण क्लासच्या ताईंना कुणी परवाना विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही. पण त्याच ताईंना सरकारी आयटीआयच्या शिवणकाम ट्रेडला शिकवायचं असेल तर सगळं चित्र पालटतं. पाचोऱ्याचा पोरगा आयटीआयला जातो तो काही हौसेखातर नव्हे. भुसावळची रेल्वे, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माण्या, जळगावची एमआयडीसी, महावितरणची विद्युत सहाय्यकाची भरती, या सगळ्यांच्या दारावर आयटीआयचं प्रमाणपत्र मागतात. त्या प्रमाणपत्राला देशभर किंमत राहायची असेल तर ते देणारा शिक्षक कोण असावा, हे कुणीतरी ठरवायला हवं.

ते ठरलेलं आहे, पण सहसा कुणी बघत नाही अशा जागी. शाळेतल्या शिक्षकासाठी डीएड, बीएड, टीईटी अशा गोष्टी वर्तमानपत्रांत रोज गाजतात. आयटीआयच्या शिक्षकाची पात्रता मात्र त्या-त्या ट्रेडच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत, यंत्रं-हत्यारांच्या यादीच्या आसपास छापलेली असते. ही पुस्तिका काढतं केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय, म्हणजे डीजीटी. महाराष्ट्रात या शिक्षकाला शिल्प निदेशक म्हणतात. त्याच्या वर गट निदेशक, त्याच्या वर प्राचार्य. पोरं तिघांनाही 'सर'च म्हणतात.

पात्रतेचे तीन रस्ते आहेत. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर त्या कामाचा एक वर्षाचा अनुभव. तीन वर्षांची पदविका असेल तर दोन वर्षांचा. आणि उमेदवार स्वतःच आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप पास असेल तर तीन वर्षांचा. शिक्षण जितकं कमी तितका अनुभव जास्त, असा साधा हिशेब. वय किमान एकवीस. आणि या तिघांनाही वरून एक सारखीच अट आहे: राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र. ते मिळतं सीआयटीएस नावाच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणातून. ट्रेड अधिक अनुभव अधिक शिकवण्याचं शिक्षण, अशी ही बेरीज. एम्प्लॉयबिलिटी स्किल्स शिकवणाऱ्याला ट्रेडची गरज नाही. पदवी किंवा पदविका, दोन वर्षांचा अनुभव आणि छोटं प्रशिक्षण यावर त्याचं भागतं.

याच पुस्तिकेत एक ओळ आहे, जी मला सगळ्या नियमावलीतली सर्वांत शहाणी वाटते. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या दोन वर्षांच्या ट्रेडला एक तुकडी पहिल्या वर्षात आणि एक दुसऱ्या वर्षात असते, म्हणून दोन निदेशक लागतात. नियम म्हणतो, त्यांतला एक पदवी किंवा पदविकावाला असावा आणि दुसरा आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप केलेला. प्रमाणपत्र मात्र दोघांकडे हवं. म्हणजे एकाने पुस्तकातून वर्कशॉपकडे यायचं, दुसऱ्याने वर्कशॉपमधून पुस्तकाकडे जायचं, आणि पोरांना दोघेही मिळायचे. सरकारी भाषेत हे दोन ओळींत उरकलंय. एरवी आपल्याकडे डिप्लोमावाला आयटीआयवाल्याला कमी लेखतो आणि डिग्रीवाला दोघांना. तिथे पान्याला हात लावून वर आलेल्या माणसासाठी वर्गातली एक खुर्ची राखून ठेवणं ही लहान गोष्ट नाही.

हे सीआयटीएस आलं कुठून, ते थोडं मागे जाऊन बघण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटलेल्या जवानांना कामधंद्याला लावायचं म्हणून १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय निघालं. लगेच एक अडचण उभी राहिली. कारागीर तयार करायला केंद्रं उघडता येतील, पण त्यांत शिकवणार कोण? म्हणून १९४८ मध्ये बिलासपूरजवळच्या कोनी इथे निदेशकांनाच शिकवणारी पहिली केंद्रीय संस्था सुरू झाली. बिलासपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात. आज आयटीआय जिच्याखाली चालतात ती कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली १९५० मध्ये. शिक्षकांची शाळा आधी आणि विद्यार्थ्यांची योजना नंतर, हा क्रम आपल्या देशात विरळाच. १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद, एनसीव्हीटी, स्थापन झाली आणि आयटीआयचा कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षकांची पात्रता दिल्लीने ठरवायची आणि पगार, बदल्या, भरती राज्याने करायची, ही वाटणी तेव्हापासूनची. साठच्या दशकात मुंबई, चेन्नई, कानपूर, लुधियाना, हैदराबाद अशा ठिकाणी निदेशकांसाठी केंद्रीय संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची सायनजवळ चुनाभट्टीला. आता तिला एनएसटीआय म्हणतात. तिथे जायचं तर ऑल इंडिया कॉमन एन्ट्रन्स टेस्ट द्यावी लागते.

पण जो माणूस दहा वर्षं उत्तम फिटिंग करतोय, त्याला फिटिंग शिकवायला आणखी एक वर्ष का शिकावं लागतं? हा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि तो चुकीचा नाही. उत्तरासाठी कानस घेऊ.

फिटरच्या पहिल्या काही आठवड्यांत पोरगं बहुतेक वेळ कानस चालवतं. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा बांधायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची. दिसायला बाळबोध काम. गुण्या लावून उजेडाकडे धरलं की पोराच्या लक्षात येतं, जॉब मधे फुगलाय आणि दोन्ही कडांना उतरलाय. पुन्हा घासतो, पुन्हा तेच. असं का होतं? कानशीची मूठ उजव्या हातात, टोक डाव्या हातात. ढकलायला सुरुवात करताना कानशीचा बराचसा भाग जॉबच्या अलीकडे, मुठीच्या बाजूला असतो. हात पुढे जातो तसतसं टोक पलीकडे निघून जातं. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला तर कानस तराजूच्या दांडीसारखी आधी अलीकडे आणि मग पलीकडे कलते, आणि दोन्ही कडा खाते. म्हणून सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मधे दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा जास्त, असा बदल एका ढकलण्यात करावा लागतो. परत ओढताना दाब काढून घ्यायचा, कारण कानशीचे दात फक्त पुढे जाताना कापतात.

मजा अशी, की उत्तम फिटरला हे माहीत नसतं. म्हणजे त्याच्या हातांना माहीत असतं, त्याला नसतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने भार आपोआप सरकतो. पोराने विचारलं, 'सर, माझं असं का येतं?' तर तो म्हणतो, 'नीट धर, असं, हे बघ,' आणि स्वतः चार हात मारून दाखवतो. तुकडा सपाट होतो, पोरगं आहे तिथेच राहतं. काम जितकं अंगात मुरतं, तितकं ते सांगणं अवघड होतं. वर्कशॉपमधल्या शिकवण्याची ही मुख्य गोम आहे, आणि अनुभवाची वर्षं वाढवून ती सुटत नाही. उलट वाढते.

यावर नीट विचार झाला तो अमेरिकेत, पहिल्या महायुद्धात. जहाजं भराभर बांधायची होती आणि गोदीत येणारी माणसं नवखी होती. जुन्या कारागिरांनाच शिकवायला लावायचं ठरलं, पण त्यांना शिकवता येईना. चार्ल्स अ‍ॅलन या व्यवसाय शिक्षणातल्या माणसाने त्यांच्यासाठी एक पद्धत बसवली आणि १९१९ मध्ये ती पुस्तकात मांडली. टप्पे चार: तयारी, सादरीकरण, करायला लावणं, तपासणं. आधी शिकणाऱ्याला काय येतं आणि त्याचं लक्ष कुठे आहे ते बघा. मग काम तुकडे पाडून, दाखवत, सांगत करा. मग त्याच्या हातून करून घ्या आणि चुकेल तिथेच थांबवा. शेवटी मदत न करता करायला लावा. आपल्या सीआयटीएसमध्ये ट्रेनिंग मेथडॉलॉजी या विषयात हीच चौकडी शिकवतात. निदेशक प्रत्येक प्रात्यक्षिकाचं टाचण याच चार टप्प्यांत काढायला शिकतो. टाचणाची वही पुढे तपासणीपुरती उरते, असं बरेच निदेशक हसत सांगतील. तरी एकदा कानशीचं टाचण काढायला बसलेल्या माणसाला आपले दोन हात वेगवेगळं काय करतात ते शोधावंच लागतं, आणि ते एकदा सापडलं की परत हरवत नाही.

अमेरिकेने त्याच सुमारास, १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने, व्यवसाय शिक्षकांच्या पगाराला केंद्राचा पैसा दिला आणि बदल्यात प्रत्येक राज्याला या शिक्षकांची पात्रता लेखी ठरवायला लावली. त्यामागचा एक जाणकार चार्ल्स प्रॉसर. त्याचं मत ठाम होतं: जे काम शिकवायचं ते शिक्षकाने स्वतः यशस्वीपणे केलेलं हवं, नाहीतर शिक्षण फुकट. आजही तिथल्या बऱ्याच राज्यांत सुतारकाम किंवा गाडीदुरुस्ती शिकवायला पदवीऐवजी धंद्यातली वर्षं दाखवून शिकवण्याचा परवाना मिळतो आणि शिक्षणशास्त्राचे कोर्स नोकरी लागल्यावर करावे लागतात. तो परवाना माणसाच्या नावाचा असतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे पात्रता पदाला चिकटलेली असते. जाहिरात निघाली, अर्ज केला, तर तुम्ही पात्र की अपात्र ते ठरतं. एरवी हातात शिल्प निदेशक प्रमाणपत्र असलं तरी 'मी शिकवू शकतो' असं सांगणारा परवाना तुमच्याकडे नसतो.

आता खानदेशातल्या एका अडचणीकडे येऊ. इथे विहिरी, बोअरवेल आणि पंप यांचा गराडा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि शेतकरी त्या तालुक्याच्या गावी भरायला टाकतो. मोटार भरणाऱ्या माणसाचं काम पाहावं असं असतं. जळालेली तार काढायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी गेजने बघायची, खाचांत कागद घालायचा, नवं वेटोळं बसवायचं, टोकं जोडायची, वार्निश पाजून वाळवायचं. वेढे कमी भरले तर मोटार तापते, जोडणी उलटी झाली तर गुरगुरते आणि पाणी उचलत नाही. इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात वाइंडिंग हा मोठा भाग आहे, आणि ते काम खऱ्या अर्थाने रोज करणारी माणसं याच दुकानांत बसलेली आहेत.

पण यांतल्या एखाद्याला निदेशक व्हायचं असेल तर? अनुभवाचा दाखला कुणी द्यायचा? दुकान त्याचंच. कामगार तोच, मालक तोच. स्वतःच स्वतःला दाखला लिहून द्यावा तर तो कोण मानणार? याच्या उलट एखाद्या कंपनीच्या लेटरहेडवर दोन वर्षं काम केल्याचा दाखला मिळवणं किती सोपं असतं, ते नोकरीच्या अर्जांच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. अनुभव ही या बेरजेतली सर्वांत मोलाची रक्कम, आणि नेमकी तीच सर्वांत ढिलेपणाने मोजली जाते. भरतीत ट्रेडची व्यावसायिक चाचणी घेतली तर दाखल्यामागचा हात खरा की खोटा ते तासाभरात कळतं. माझ्या मते कागद तपासणारे दोन बाबू कमी करून व्हाइस आणि मल्टिमीटर घेऊन बसणारे दोन परीक्षक वाढवले तर या भरत्यांचं बरंच भलं होईल.

दुकानदाराला रस्ता अगदी बंद आहे असंही नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी परीक्षार्थी म्हणून बसण्याची सोय आहे. ती पास झाली की हातात आयटीआयच्याच तोलाचं प्रमाणपत्र येतं, पुढे सीआयटीएस. आणि आधीपासून शिकवणाऱ्या निदेशकांसाठी पूर्वज्ञान मान्यतेचा, म्हणजे आरपीएलचा, आखूड मार्ग आहे. रस्ता आहे. पण दुकान बंद ठेवून तो चालायचा, म्हणजे घरात पैसा दुसऱ्या कुणी आणायचा.

नियमाला फाटा देऊन याच माणसांना वर्गात आणण्याचा एक जुना प्रयोग महाराष्ट्रातच झाला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. माध्यमिक शाळेतल्या पोरांना शेती, वीज, वेल्डिंग-बांधकाम, अन्नप्रक्रिया असं सगळं हाताने करायला लावणारा 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय त्यांनी उभा केला. शाळांमध्ये तो शिकवायला स्थानिक कारागीर आणि लहान उद्योजकही आले, गावातच ज्यांचं काम चालतं असे. पोरांनी खऱ्या लोकांची खरी कामं करायची, पैसे घेऊन. आपलं काम गिऱ्हाईक स्वीकारतं की परत करतं, यापेक्षा कडक परीक्षा कोणती? मात्र हे गावोगाव तितकंच चांगलं चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. कारागीर शिकवायला चांगला निघाला तर सोनं, नाही निघाला तर पोरांच्या हातात झाडू. नियमांचा उपयोग असा, की ते सगळ्यांत वाईट शिक्षकाला थोडं वर उचलतात. सगळ्यांत चांगला शिक्षक त्यांच्यामुळे घडत नाही.

शाळांमधली बाकी परिस्थिती यापेक्षा विस्कळीत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं लिहिलंय. अंशकालीन हा शब्दच त्या विषयाची शाळेतली जागा दाखवतो. नववीपासून काही शाळांत ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्युटी असे विषय आले. त्यांचे प्रशिक्षक अनेक ठिकाणी शाळेचे नाहीत, कंत्राटावर आलेल्या एजन्सीचे असतात. कंत्राट संपलं की सर बदलतात, आणि नव्या सरांना पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते.

शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र काढूनच टाकलं तर काय होतं, हेही एका देशाने करून पाहिलंय. जर्मनीत कारखान्यात उमेदवारांना शिकवणाऱ्या माणसाला १९७२ पासून वेगळी परीक्षा द्यावी लागत होती. कारखानदार कटकट करत होते, की या अटीमुळे आम्ही उमेदवार घेत नाही. २००३ मध्ये सरकारने अट स्थगित केली. काही नव्या कारखान्यांनी उमेदवार घेतले, पण प्रशिक्षणाच्या दर्जाच्या तक्रारी वाढल्या, मधेच सोडून जाणाऱ्या उमेदवारांचा प्रश्न पुढे आला. सहा वर्षांनी, ऑगस्ट २००९ पासून, तीच अट पुन्हा लागू झाली. जर्मनीसारख्या व्यवहारी देशाने सोडलेला कागद परत उचलावा, तर त्या कागदात काहीतरी असणार.

आपण मात्र अट काढलीही नाही आणि पाळलीही नाही. काही दशकांपूर्वी देशात दोनेक हजार आयटीआय होत्या. आज त्या पंधरा हजारांच्या घरात आहेत, त्यांतल्या बहुतेक खासगी. निदेशक शिकवणाऱ्या संस्था त्या वेगाने वाढल्या नाहीत. परिणाम असा, की प्रमाणपत्राशिवाय शिकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि संस्थांना मुदती, मुदतवाढी आणि मुदतवाढीवर मुदतवाढी मिळत राहतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारण्याची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. तीत एक हजार सरकारी आयटीआयच्या सुधारणेबरोबर ५०,००० निदेशकांच्या प्रशिक्षणाचाही अंतर्भाव आहे. यंत्रं घेणं सोपं असतं, खरेदी झाली की फोटो निघतो. निदेशकांचं वर्ष फोटोत येत नाही, म्हणून हा आकडा कितपत खरा होतो ते बघायला हवं.

आणि त्या वर्षाची किंमत निदेशकाच्या बाजूनेही मोजायला हवी. पाचोऱ्याहून रेल्वेने मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. आयटीआय पास, तीन वर्षं कारखान्यात घालवलेला एखादा इलेक्ट्रिशियन चुनाभट्टीला वर्षभर राहील, खाणावळीचे पैसे भरेल, सीआयटीएस करून परत येईल. इथे त्याला काय मिळेल? नियमित पदाची भरती काही वर्षांतून एकदा निघते आणि तिला हजारोंनी अर्ज येतात. २०२२ मध्ये राज्याने सुमारे दीड हजार शिल्प निदेशकांची जाहिरात काढली, तोवर कित्येक जागा तासिका तत्त्वावरच चालवल्या जात होत्या. तासिकेवरच्या निदेशकाला सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या सत्राची हमी नाही. त्याच काळात तो भुसावळला किंवा चाकणला मेंटेनन्समध्ये लागला असता तर महिन्याला पगार आला असता. अशा माणसाकडे आपण प्रमाणपत्र मागतो ते बरोबरच आहे. फक्त ते मिळवायला वर्ष घालवणाऱ्याला नियमित पगार द्यायची तयारी असेल तरच ती अट लागू पडते, नाहीतर वर्गावर उरतो तो, ज्याला दुसरीकडे काही मिळालं नाही.